दुकानातील जुना संगणक आणि लिनक्स

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ची नियमित मोफत देखभाल थांबविली. त्यामुळे संगणक बंद पडत नाही. परंतु सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळेनाशा झाल्या, की त्यावर बँकेचे व्यवहार करणे धोक्याचे होते. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि इंटेलचा असल्यास साधारण आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा प्रोसेसर लागतो. २०१६ साली घेतलेला दुकानातला संगणक या अटीत बसत नाही. मग कोणीतरी सुचवितो, "लिनक्स टाका, फुकट आहे." हा सल्ला छोट्या व्यापाऱ्याला कितपत उपयोगी आहे, ते आज पाहू.

लिनक्सचा गाभा फिनलंडमधील लायनस टॉरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ साली लिहिला. त्याची मूळ संहिता कोणालाही पाहता, बदलता व वाटता येते, म्हणून तिला मुक्त प्रणाली म्हणतात. उबुंटू (२००४) व मिंट (२००६) या तिच्या घरगुती वापरास सोयीच्या आवृत्त्या होत.

आम्ही कार्यालयातील एका जुन्या संगणकावर मिंट टाकून पाहिली. आमच्या हिशेबनीसांचा उभा जन्म विंडोजवर गेलेला. तरी अर्ध्या तासात त्यांना फाईल शोधणे, पत्र लिहिणे, इंटरनेट पाहणे जमले. जीएसटीचे संकेतस्थळ उघडले, युनिकोड मराठीही टाईप झाली. अडले ते छपाईत. आमच्या प्रिंटरच्या कंपनीने लिनक्ससाठी ड्रायव्हरच दिलेला नव्हता. दोन दिवस खटपट केली आणि शेवटी बिले शेजारच्या विंडोज संगणकावरून काढली. दुरुस्तीवाल्याला बोलाविले, तर तो पडदा पाहूनच म्हणाला, "हे आमच्याकडे चालत नाही, साहेब."

म्हणजे प्रणाली अवघड नाही. अडचण आहे ती तिच्या आजूबाजूच्या गोष्टींत. टॅली विंडोजसाठी बनलेली आहे. 'वाइन' नावाच्या प्रोग्रामने काही जण ती लिनक्सवर चालवितात, पण चालू हिशेबावर असले प्रयोग आम्ही करणार नाही. ग्नूकॅश हा जमाखर्चाचा मोफत प्रोग्राम चांगला आहे. मात्र तुमच्या सीएला टॅलीचीच फाईल हवी असेल तर त्याचा काय उपयोग? भिवंडी-मालेगावकडे उर्दू छपाईचे काम करणाऱ्यांचा इनपेजही विंडोजवरचाच. डिजिटल सही वापरणाऱ्यांनी आपल्या टोकनसाठी लिनक्सचा ड्रायव्हर आहे काय, हे आधी विचारावे. एकट्या मालकाचा धंदा असेल तर जीएसटीचे विवरणपत्र ओटीपीवरही भरता येते, तिथे हा प्रश्न येत नाही.

जर्मनीतील म्युनिक महापालिकेने २००३ साली लिनक्सचा निर्णय घेतला आणि २०१३ पर्यंत सुमारे १५,००० संगणक त्यावर नेले. २०१७ साली परत विंडोजकडे जाण्याचे ठरले. बाहेरून येणाऱ्या कागदपत्रांचा मेळ बसत नाही, ही तेथील एक तक्रार होती (राजकारणही होतेच). उलट केरळच्या सरकारी शाळांत मुक्त प्रणाली वर्षानुवर्षे टिकली. तेथे शिक्षकांना आधी प्रशिक्षण दिले गेले आणि अडले तर विचारायला माणूस होता. आपल्या दुकानदाराला हाच माणूस सापडत नाही.

ज्यांचे काम ब्राउझर, पत्रव्यवहार आणि साध्या तक्त्यांपुरते आहे, त्यांनी मिंट जरूर पाहावी. ती पेनड्राइव्हवर घेऊन, डिस्कला हात न लावता संगणक त्यावरून सुरू करता येतो. तसेच चार दिवस चालवा. प्रिंटर, बारकोड यंत्र, सहीचे टोकन, सगळे जोडून पाहा. जुने मराठी मजकूर युनिकोडपूर्व फाँटात असतील तर तेही उघडून पाहा, बहुधा अगम्य अक्षरे दिसतील. कायमची बसविण्यापूर्वी सर्व फाइलींची प्रत दुसऱ्या डिस्कवर घ्या. बसविताना 'संपूर्ण डिस्क पुसा' हा पर्याय निवडला गेला, तर जुना हिशेब जातो.

आमचा तो संगणक आता पत्रव्यवहारापुरता मिंटवरच आहे. टॅलीसाठी मात्र नवा घ्यावा लागला.