उभ्या गाडीचें इंजिन आणि झडपांची झीज



आपल्या वसतिगृहाच्या मोरीवर एकाच टाकीचे चार नळ आहेत. ते पूर्ण सोडले असतां चारही बादल्या बहुधा बरोबरच भरतात. आतां चारही नळ, धार अगदीं बारीक होईपर्यंत, सारखेच मिटून पाहा. एकाची धार सुतासारखी, तर दुसऱ्याची नुसती ठिबक! कोणाचा वायसर झिजला आहे हें तेव्हांच कळतें. आजचा पाठ हाच. नळांच्या जागीं मात्र मोटारीचे चार सिलिंडर धरावयाचे.

पेट्रोलच्या सामान्य इंजिनांत हवेचें माप थ्रॉटलची चकती करते. गाडी उभी असून इंजिन नुसतें चालू असतां ही चकती जवळजवळ मिटलेली असते. पिस्टनांस विरळ हवेंतून घोट ओढावा लागतो आणि त्या ओढण्यांत इंधन व्यर्थ खर्चतें. हा खर्च टाळण्यासाठीं बी. एम. डब्ल्यू. या जर्मन कंपनीनें २००१ सालीं ३१६ टी. आय. या गाडींत ‘व्हॅल्व्हट्रॉनिक’ ही योजना आणिली. तींत थ्रॉटल बहुतेक उघडाच राहतो व हवा घेणारी झडप स्वतःच माप करते. कॅमशाफ्ट आणि झडप यांच्यामध्यें एक जादा तरफ असते. विजेच्या मोटरीनें फिरणारा एक विकेंद्री दंड तिला कलवितो. ती कलेल त्या मानानें झडप ०.२५ मिलिमीटरपासून ९.७ मिलिमीटरपर्यंत उचलली जाते. यांतील पहिला आंकडा म्हणजे वहीच्या तीनएक कागदांची जाडी!

समजा, झिजेमुळें एका झडपेची उचल ०.०५ मिलिमीटरनें घटली. पूर्ण उचलीचा तो सुमारें दोनशेवा भाग. किमान उचलीचा मात्र पांचवा. तो सिलिंडर मागें पडतो, आणि सिग्नलपाशीं उभी असलेली गाडी थरथरूं लागते. वेग घेतला कीं तक्रार नाहींशी! यास्तव या तरफा कारखान्यांतच मापून वर्गवार निवडतात. इंजिन खोलल्यावर प्रत्येक तरफ आपल्या मूळ जागींच परत गेली पाहिजे. त्यांची सरमिसळ करणारा मिस्त्री, हात कितीही सफाईदार असो, नवा दोष घालून ठेवितो.

परंतु थरथर दिसली कीं तरफेवर आरोप ठेवणें हा अन्याय होय. प्लग, कॉइल, इंजेक्टर एकामागून एक बदलीत मालकाचा खिसा रिकामा करणें हाही अन्यायच. प्रथम संशयित सिलिंडरची कॉइल शेजारच्या सिलिंडरला लावावी. दोष तिच्याबरोबर गेला तर ती अपराधी. जागींच राहिला तर निर्दोष. प्लगचीही अशीच परीक्षा घ्यावी. नंतर दाबमापक लावावा. दाब कमी भरल्यास झडपेची बैठक अथवा पिस्टनची रिंग तपासावी. (जुन्या मिस्त्र्यांचा आवडता निर्वातमापक येथें मुकाच राहतो, कारण थ्रॉटल उघडा असल्यानें नळींत निर्वात जवळजवळ नसतोच.)

दाबही पुरता भरला तर एक परीक्षा उरते. अडचणीच्या प्रसंगासाठीं या योजनेंत जुनी वाट राखून ठेविली आहे: संगणक झडपा पूर्ण उचलीवर नेतो व हवेचा कारभार पुन्हा थ्रॉटलकडे सोंपवितो. त्या स्थितींत इंजिन नुसतें चालूं द्यावें. थरथर थांबली, आणि उचल लहान करतांच परतली, तर झाकण उघडून तरफा व रोलर पाहावे. थांबली नाहीं, तर त्या झाकणास हात लावूं नये, इंजेक्टरकडे वळावें.