चामडे शिवण्याच्या हातमशीनवरील सैल टीप व तिची दुरुस्ती

सावली तालुक्यात भात हे मुख्य पीक आहे. रोवणी आटोपत आली की झाडीपट्टीतील शेतकऱ्यास पोळ्याचे वेध लागतात. बैलांच्या घुंगरांचे पट्टे, म्होरक्या, उसवलेल्या वहाणा आणि त्यांच्याबरोबरच फवारणी पंपाचे खांद्यावरील पट्टे दुरुस्तीसाठी बाहेर निघतात. पूर्वी हे सारे काम आरी व मेण लावलेला दोरा यांनी होत असे. आता बऱ्याच गावांतील चर्मकारांकडे हाताने चाक फिरवून चालविण्याचे बिडाचे लहान मशीन दिसते. या मशीनचा पाय चारी दिशांस फिरतो, त्यामुळे चामडे न वळविता हवी तिकडे टीप मारता येते. सिंगर कंपनीचे 29 के हे यंत्र याच जातीचे होय.

या मशीनविषयी नेहमी येणारी तक्रार म्हणजे वरचा दोरा सैल पडतो. तिची दखल शेतकऱ्यानेही घेतली पाहिजे. 16 लिटरचा पंप भरला म्हणजे नुसत्या पाण्याचेच वजन 16 किलो होते, आणि तो भार पट्ट्याच्या दोन-तीन इंच टिपेवर लोंबकळतो. बांधीच्या निसरड्या धुऱ्यावर ती टीप सुटली तर औषध अंगावर सांडते. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतील विषबाधेने शेतकरी व शेतमजूर दगावले. त्यास पट्टे कारण नव्हते. परंतु औषध अंगावर येणे किती घातक असते, हे त्या वेळी सर्वांस कळून चुकले. दुसरी गोष्ट अशी की कापडाची टीप उसवून पुन्हा घालता येते, तसे चामड्याचे नाही. चामड्यास पडलेले छिद्र मिटत नाही. त्याच रेषेवर तीन वेळा टीप घातली की पट्टा तिकिटासारखा फाटतो. म्हणून दोष आधी टाकाऊ तुकड्यावर शोधावा, गिऱ्हाइकाच्या पट्ट्यावर नव्हे.

टाका कसा बसतो हे समजल्याखेरीज स्क्रूला हात लावू नये. सुईच्या टोकाशी नेढे असते. सुई खाली जाऊन किंचित वर येऊ लागली की दोऱ्याचा फासा पडतो, शटल त्या फाशातून जाते आणि खालचा दोरा त्यात अडकतो. नंतर वरची दोरा ओढणारी दांडी फासा आवळते. 1846 साली एलियास हाऊ याने अमेरिकेत पेटंट घेतलेली ही युक्ती आजही तशीच चालू आहे. दोन्ही दोऱ्यांची गाठ चामड्याच्या जाडीच्या मध्यावर बसली तर टीप पक्की. वरचा दोरा सैल असेल तर गाठ खाली ओढली जाते. म्हणजे दोष वरच्या दोऱ्याचा, पण तो दिसतो चामड्याच्या खालच्या बाजूस. तेथे खालचा दोरा तारेसारखा सरळ पडतो आणि त्यावर वरच्या दोऱ्याचे फासे लोंबतात. हे न कळल्यामुळे पुष्कळ कारागीर बॉबिनचा स्क्रू आवळीत बसतात आणि एका दोषाचे दोन करून ठेवतात.

परीक्षेस सोपा उपाय आहे. वर काळा व खाली पांढरा, एकाच जाडीचा दोरा घालावा. ज्या चामड्याचे काम करावयाचे त्याच चामड्याच्या तितक्याच थरांच्या तुकड्यावर वीतभर टीप मारावी. खालच्या बाजूस काळे फासे दिसले तर वरचा दोरा सैल आहे. वरच्या बाजूस पांढरे ठिपके दिसले तर तो फार ताठ आहे. सावलीकरांस सुताची पारख नवीन नाही. 1936 साली गांधी सेवा संघाचे अधिवेशन येथे भरले, त्याही आधीपासून हे खादीचे गाव म्हणून ओळखले जाई. दोऱ्याचा ताण बोटाने जोखण्याची कला कातणाऱ्यांच्या घरात असतेच. येथेही तिचाच उपयोग होतो.

प्रथम वरचा दोरा पूर्ण काढून पुन्हा ओवावा. निम्म्या तक्रारी येथेच संपाव्यात. दोरा ताणाच्या दोन चकत्यांच्या मधोमध बसला पाहिजे. तो पुष्कळदा चकत्यांच्या कडेवरून नुसता निसटून गेलेला असतो. ज्या मशीनमध्ये पाय उचलला की चकत्या सुटतात, तेथे पाय वर करूनच दोरा ओवावा. तेथून दोरा ओढणाऱ्या दांडीच्या छिद्रातून घेऊन तारेच्या आकड्याने सुईदांड्याच्या पोकळीतून खाली काढावा. आता सुईजवळ दोरा बोटाने ओढून पाहावा. तो सारखा अडून, पण न झटकता यावयास हवा. काहीच अडत नसेल तर चकत्यांमध्ये खचित काहीतरी आहे. मेण लावलेल्या दोऱ्याचे मेण व धागे तेथे साठून चकत्या उघड्या राहतात. स्क्रू कितीही आवळला तरी मग त्या दोऱ्यास धरीत नाहीत. चकत्या उतरवून रॉकेलच्या फडक्याने पुसाव्यात, गंज व चरे पाहावेत, कमान दबलेली असल्यास बदलावी.

एवढे झाल्यावरच ताणाचा नट फिरवावा, तोही एका वेळी पाव आटा. प्रत्येक पाव आट्यानंतर तुकड्यावर टीप मारून दोन्ही बाजू पाहाव्यात. नायलॉनचा दोरा गुळगुळीत व लवचिक असल्यामुळे त्यास सुती दोऱ्यापेक्षा अधिक ताण लागतो. रीळ बदलले की ताणही पुन्हा पाहावा लागतो, हे अनेकांच्या ध्यानात राहत नाही.

नट बराच आवळूनही फासे जात नसतील तर दोष ताणात नाही. सुई बारीक व दोरा जाड असेल तर छिद्रातून गाठ वर येऊच शकत नाही. दोरा नेढ्यातून सहज सरकला पाहिजे, आणि सुई चामड्याची, म्हणजे धारदार टोकाची असावी. शटल बोटाने चाचपून पाहावे. स्वस्त मशीनमध्ये बिडाच्या ओतकामाचे खरबरीत काठ तसेच राहिलेले असतात. त्यावर वरचा दोरा क्षणभर अडकतो आणि फासा खालीच राहतो. असा काठ अगदी बारीक पॉलिश पेपरने हलक्या हाताने घासावा. शटलचे टोक मात्र घासू नये, फासा तेच उचलते.

बॉबिनचा स्क्रू सर्वांत शेवटी. खालचा दोरा धरून शटल लोंबकळत ठेवावे. हात हलकेच झटकल्यावर ते थोडे खाली सरकून थांबले तर ताण बरोबर आहे. तसे असल्यास त्या स्क्रूस हातही लावू नये. बॉबिन हाताने ढिली भरलेली असेल तर एक टाका घट्ट व एक सैल असे होते. ती सारख्या ताणाने पुन्हा भरावी.

टिपेच्या आरंभीच खाली गुंता होत असेल तर दोन्ही दोऱ्यांची टोके पहिले दोन-तीन टाके हातात धरून ठेवावीत. चाक अर्ध्यावर थांबवून उलटे फिरवू नये. पावसाळ्यात बिड लवकर गंजते, म्हणून काम संपल्यावर शटलच्या वाटेत मशीनच्या तेलाचा एक थेंब सोडावा आणि दुसऱ्या दिवशी पहिली टीप टाकाऊ तुकड्यावरच मारावी, म्हणजे तेलाचा डाग गिऱ्हाइकाच्या पट्ट्यावर उतरणार नाही.