वाळवलेली हरभऱ्याची भाजी: रांधायची कशी, फोडणी द्यायची कधी?



चैत्र-वैशाखात शेतात पालेभाजी नसते आणि बाजारातली परवडत नाही. अशा वेळी थंडीत वाळवून ठेवलेली हरभऱ्याची भाजी कामी येते. आता बरेच गट तिची पाकिटं करून विकतातही. पण गिऱ्हाईक एकदा नेतं आणि परत येत नाही, असं होतं. "कचकच लागली", "फार आंबट झाली", "डाळ शिजलीच नाही" ही नेहमीची तक्रार. भाजी चांगली असते, पण ती ताज्या भाजीसारखी रांधली जाते. वाळलेल्या भाजीची रीत वेगळी आहे. ती आज समजून घेऊ.

भाजी मुळातच आंबट असते

हरभऱ्याच्या पानावर आंब असते. सकाळी शेतातून चालताना लुगड्याला लागते तीच. ती धुऊन जाऊ नये म्हणून आपण ही भाजी न धुताच वाळवतो. म्हणून वाळलेल्या भाजीत दोन गोष्टी शिल्लक राहतात: आंबटपणा आणि बारीक माती. रांधताना या दोन्हींचा विचार आधी करायचा.

खुडणी फुलं येण्याआधी, कोवळ्या शेंड्यांची करावी. त्यामुळे झाडाला फांद्याही जास्त फुटतात. ज्या तुकड्यात औषध फवारलंय, तिथला पाला खाण्यासाठी किंवा विक्रीसाठी घेऊच नये. वाळवताना सावलीत पातळ पसरून वर पातळ कापड टाकावं. कडक उन्हात रंग उडतो आणि 'अ' जीवनसत्त्वही कमी होतं. पान चुरल्यावर कुरकुरलं पाहिजे. नुसतं वाकलं तर अजून ओल आहे, डब्यात भरू नका.

रांधण्याआधी

1. भाजी हातानं चुरा, जाड काड्या काढून टाका. बारीक चाळणीनं धूळ चाळून घ्या.
2. एक वाटी चुऱ्याला तीन वाट्या कोमट पाणी घालून दहा मिनिटं ठेवा.
3. पाणी ओतून भाजी गाळू नका. हातानं वरच्या वर भाजी उचलून घ्या, म्हणजे माती तळाशी राहते. कचकच जाते ती इथंच.
4. तळाचं गढूळ पाणी टाकून द्या. वरचं पाणी चाखून पाहा. फार आंबट असेल तर तेही टाका. बेताचं असेल तर फडक्यातून गाळून भाजीतच वापरा.

प्रकार पहिला: तोंडी लावायला सुकी भाजी

भिजवलेली भाजी थोड्या पाण्यात पाच-सात मिनिटं मऊ शिजवून घ्या. कढईत दोन पळ्या तेल तापवा. मोहरी, जिरं, ठेचलेल्या आठ-दहा लसूण पाकळ्या आणि तीन-चार सुक्या मिरच्यांचे तुकडे घाला. लसूण तांबूस झाला की एक बारीक चिरलेला कांदा परता. मग भाजी घालून चांगली परता. शेवटी तीन चमचे शेंगदाण्याचं कूट घाला. कुटामुळे आंबटपणा सौम्य होतो. मीठ सगळ्यात शेवटी, चव बघूनच.

प्रकार दुसरा: डाळीतली पातळ भाजी

इथं एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. आंबट पदार्थात डाळ लवकर शिजत नाही. म्हणून भाजी आणि कच्ची डाळ एकत्र कुकरला लावू नका. अर्धी वाटी तूरडाळ आणि मूठभर शेंगदाणे आधी मऊ शिजवा. भाजी वेगळी शिजवा. मग दोन्ही एकत्र करून रवीनं घोटा. एक चमचा बेसन किंवा ज्वारीचं पीठ गार पाण्यात कालवून लावा आणि पाच-सहा मिनिटं उकळा. मीठ घाला. खाली उतरवल्यावर वरून लसूण-मिरचीची चरचरीत फोडणी ओता. लगेच झाकण ठेवा, म्हणजे वास आत मुरतो. चिंच किंवा आमसूल यात घालायचं नाही.

अंगाला लागावी म्हणून

आपल्या राज्यात 15 ते 49 वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांच्या अंगात रक्त कमी आहे, असं 2019–21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात आढळलं. वाळवल्यानं भाजीतलं लोह जात नाही, पण 'क' जीवनसत्त्व बहुतेक जातं आणि लोह अंगी लागायला तेच मदत करतं. म्हणून या भाजीसोबत ताटात कच्च्या कैरीची फोड किंवा लिंबू घ्या. जेवणानंतर लगेच चहा नको, तासभर थांबा. आणि कढई खरवडून शेवटी बसणाऱ्या बाईनं आपली वाटी आधी बाजूला काढून ठेवावी. डॉक्टरांनी दिलेल्या लोहाच्या गोळ्या मात्र भाजी खाते म्हणून बंद करू नका. मुतखड्याचा त्रास असेल तर भाजी किती खावी, हे डॉक्टरांना विचारा.

शिजवलेली भाजी बाटलीत भरून विकावी का?

नाही. लोणचं टिकतं ते मीठ, तेल आणि आंबटपणामुळे. शिजवलेली पालेभाजी तशी टिकत नाही. मातीतल्या एका जिवाणूचे बीजाणू नुसत्या उकळण्यानं मरत नाहीत. झाकण घट्ट लावलेल्या, हवा नसलेल्या बाटलीत ते वाढतात आणि जीवघेणं विष तयार करतात. त्याला वास असेलच असं नाही. कारखान्यात डबाबंद भाजी वाफेच्या दाबाखाली साधारण 121 अंश सेल्सिअसपर्यंत तापवतात. घरच्या पातेल्यात तेवढी उष्णता मिळत नाही. विकत आणलेला डबासुद्धा फुगलेला असेल तर उघडू नका, चाखू नका, टाकून द्या. आपल्यासाठी वाळवण हाच सुरक्षित मार्ग.

पुढच्या बैठकीत करून पाहा

एकाच पाकिटातली भाजी दोन भागांत करा. एक भाग न भिजवता डाळीसोबत शिजवा, दुसरा वर सांगितल्याप्रमाणे. दोन्ही भाकरीसोबत चाखा आणि चर्चा करा:

• कचकच कुठल्या भाजीत लागली? डाळ कुठं कच्ची राहिली?
• आपल्या भागात ही भाजी आणखी कशी करतात?
• पाकिटात घालायच्या चिठ्ठीवर कृती चार ओळींत कशी लिहाल?

ती चिठ्ठी पाकिटात नक्की घाला. शहरातल्या सुनेला ही भाजी रांधायला शिकवणारं घरात कुणी नसेल, तर ते काम आपली चिठ्ठी करील. भाजी जमली की गिऱ्हाईक पुन्हा येईल.