माती ओली, तरी रोप तहानलेलं कसं?

प्रश्न : महाबळेश्वरहून स्ट्रॉबेरीची सहा रोपं आणून गच्चीवर कुंड्यांत लावली. महिनाभर छान होती. मग दुपारी माना टाकू लागली, म्हणून दोन्ही वेळा पाणी देऊ लागले. तरी तीन रोपं गेलीच. बुरशीनाशक घातलं, तेही वाया गेलं. ओल्या मातीत रोप वाळतं कसं?
– एक वाचक, पुणे

उत्तर : म्हणजे पाण्याची कमतरता नाही, पण लक्षणं सगळी पाणी कमी पडल्याची. यात विसंगती काहीच नाही. पाणी मातीत आहे, रोपात नाही. ते वर चढवणारी मुळंच कुजली, तर कुंडी कितीही ओली असो, पानं कोमेजणारच. उन्हात पानांतून पाणी भराभर उडतं, म्हणून मान आधी दुपारी पडते. रात्रीत थोडी भरपाई होते आणि सकाळी रोप पुन्हा ताजं दिसतं. आपल्याला वाटतं, पाणी लागू पडलं. मग आपण आणखी ओततो.

खात्री करून घ्यायची तर गेलेल्यांपैकी एक रोप उपटून मुळं धुवा. निरोगी बारीक मुळं पांढरट आणि चिवट असतात. कुजलेलं मूळ चिमटीत धरून ओढलं, की साल मोज्यासारखी निसटते आणि आतला दोरा तेवढा हातात राहतो. मग क्राऊन, म्हणजे पानं आणि मुळं यांच्या मधला आखूड जाड खोडाचा भाग, सुरीने उभा चिरा. आतून पांढरट असेल तर तो धड आहे. तपकिरी किंवा तांबूस दिसला, तर रोग मुळांपुरता राहिलेला नाही.

आता कूज होते कशी ते पाहू. मुळांनाही श्वास घ्यावा लागतो. मातीच्या कणांमधल्या पोकळ्या सतत पाण्याने भरलेल्या राहिल्या, की हवा मिळत नाही आणि मुळं दुबळी होतात. त्याच वेळी जमिनीतले रोगजंतू जोर धरतात. त्यांतला मोठा गुन्हेगार फायटोप्थोरा. त्याचे बीजाणू शेपट्या हलवत पाण्यात पोहतात आणि मुळांतून पाझरणाऱ्या द्रव्यांच्या रोखाने जातात. म्हणजे जादा पाण्याने मुळं दुबळी केली आणि शत्रूला वाटही करून दिली.

बुरशीनाशक का चाललं नाही, याचं उत्तरही बहुधा इथेच आहे. फायटोप्थोरा आणि त्याचा भाऊबंद पिथियम दिसतात बुरशीसारखे, पण खऱ्या बुरशा नव्हेत. त्यांचं नातं तपकिरी शेवाळांशी जवळचं. त्यामुळे दुकानात सर्रास मिळणारं कार्बेन्डाझिम त्यांच्यावर चालत नाही, मेटॅलॅक्झिलसारखं औषध लागतं. उलट कूज रायझोक्टोनिया किंवा कोलेटोट्रायकमची असेल, तर त्या खऱ्या बुरशा आहेत आणि मेटॅलॅक्झिल तिथे निरुपयोगी. शिवाय योग्य औषधही कुजलेलं मूळ पुन्हा उगवून देत नाही, ते फक्त उरलेलं वाचवतं. ट्रायकोडर्मा ही मित्रबुरशीसुद्धा शेणखतात मिसळून लागवडीआधी द्यायची, रोप मान टाकल्यावर नव्हे.

‘कुंडीच्या तळाला विटांचे तुकडे घातले की निचरा होतो,’ हा समज घरोघरी आहे. प्रत्यक्षात बारीक मातीतलं पाणी खालच्या मोठ्या पोकळ्यांत सहजी उतरत नाही, माती पूर्ण भिजेपर्यंत वरच थांबतं. निचरा होतो तो भुसभुशीत मातीने आणि मोकळ्या भोकांनी. कुंडीखालची बशी भरलेली ठेवू नका. लावताना क्राऊनचा मध्य मातीच्या पातळीवर हवा. क्राऊन पुरला गेला तर कुजतो, मुळं उघडी राहिली तर सुकतात.

महाबळेश्वरात वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, मग तिथे स्ट्रॉबेरी टिकते कशी? मुख्य लागवड पाऊस ओसरल्यावर होते, उंच गादीवाफ्यांवर, मल्चिंगचा कागद अंथरून, आणि पाणी ठिबकने. पाणी मुळांजवळ थांबू द्यायचं नाही, हाच त्या साऱ्या खटाटोपाचा एक मोठा हेतू.

हे दुखणं एकट्या स्ट्रॉबेरीचं नाही. आल्या-हळदीची कंदकूज याच घराण्यातल्या पिथियममुळे होते. नागपुरी संत्र्याच्या खोडातून डिंक ओघळतो, तो डिंक्या रोगही फायटोप्थोराचाच. म्हणून संत्र्याला दुहेरी आळं करतात, म्हणजे पाणी खोडाला न लागता बाहेरच्या आळ्यात राहतं. खोडाला मोरचूद आणि चुन्याची बोर्डो पेस्ट लावतात. आयर्लंडमध्ये 1845 पासून बटाट्याचं पीक नासवून दुष्काळ आणणारा जंतूही फायटोप्थोराच, फक्त जात वेगळी.

आता उरलेल्या तीन रोपांचं. मातीत बोट दोन पेरं घाला, कोरडं लागलं तरच पाणी द्या, तेही सकाळी. मेलेली रोपं कंपोस्टमध्ये टाकू नका. त्या मातीत लगेच नवी रोपंही लावू नका, कारण फायटोप्थोराचे जाड कवचाचे बीजाणू मातीत वर्षानुवर्षं तग धरतात. एप्रिल-मेमध्ये ती माती ओलसर करून पारदर्शक प्लास्टिकखाली चार ते सहा आठवडे उन्हात तापवा, रोगजंतू बरेच कमी होतील. आणि जगलेल्या रोपांना रनर, म्हणजे जमिनीवर पसरणारे धुमारे, फुटले, तर त्यांपासून नवी रोपं करण्याच्या मोहात पडू नका. वरून टवटवीत दिसणारं रोपही आतून रोग बाळगून असू शकतं. पुढच्या हंगामात खात्रीच्या रोपवाटिकेतून नवी रोपं आणणं शेवटी स्वस्त पडेल.