बोटं मोजून खोटं सापडेल?

प्रश्न : सचिन तेंडुलकर एका गेमिंग ॲपची जाहिरात करतोय, असा व्हिडिओ आमच्या घरच्या ग्रुपवर आला. तो खोटा निघाला. पाठवला होता आमच्या इंजिनिअर मेहुण्यांनी! एआयचे असे व्हिडिओ नुसत्या नजरेनं ओळखता येतात का? आणि शिकलेली माणसंही कशी फसतात?
– एक वाचक, सांगली

उत्तर : पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे : नजरेवर भिस्त ठेवू नका. मार्च २०२३ मध्ये पांढऱ्या फुगीर जॅकेटातल्या पोप फ्रान्सिस यांचा फोटो जगभर फिरला. निरखून पाहिलं तर त्यांच्या हातातला कप आणि बोटं एकमेकांत विरघळल्यासारखी दिसत होती. पण बोटं पाहिली कुणी? सगळ्यांचे डोळे जॅकेटावर. आता तर नवी साधनं बोटंही नीट काढतात.

दुसरा प्रश्न जास्त मोलाचा. बातमी आली की आपण पुरावा नंतर बघतो, आधी बघतो ते कुणी पाठवली. मेहुण्यांनी पाठवली म्हणजे खात्री करूनच पाठवली असणार, असं आपण धरून चालतो. मेहुण्यांनीही त्यांच्या मित्राबद्दल तेच धरलेलं असतं. त्यात तीच गोष्ट तीन ग्रुपांवर दिसली की ती खरीच वाटू लागते. १९७७ साली अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांनी हे तपासून पाहिलं होतं. काही आठवड्यांच्या अंतरानं पुन्हा पुन्हा ऐकवलेली विधानं, खरी असोत की खोटी, नव्या विधानांपेक्षा जास्त खरी वाटली. ऐकणारी कॉलेजात शिकणारीच मुलं होती.

यंत्र यात फार उशिरा आलं. २०१८ साली मुलं पळवणाऱ्या टोळीचा म्हणून एक व्हिडिओ देशभर फिरत होता. मोटरसायकलवरचे दोघं रस्त्यावरच्या मुलाला उचलून पसार होतात, एवढंच त्यात दिसे. मूळ फिल्म होती कराचीतल्या एका संस्थेची, पालकांना सावध करणारी. तिच्या शेवटी तेच दोघं मुलाला परत आणून सोडतात आणि सावधगिरीचा फलक दाखवतात. तेवढा शेवट कुणीतरी कापला होता. अशाच अफवांच्या लाटेत १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात, भिक्षा मागायला आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांना जमावानं मारून टाकलं. त्या व्हिडिओला एआय लागलं नाही. एक कात्री पुरली, आणि आपलं मूल कुणी नेईल ही धास्ती.

एआयनं भर घातली ती उलट्या बाजूनंही. अडचणीत आणणारी खरी क्लिप आता 'एआयची आहे' म्हणून झटकून टाकता येते. बॉबी चेस्नी आणि डॅनियल सिट्रन या अमेरिकी कायदेतज्ज्ञांनी याला 'खोटारड्याचा लाभांश' म्हटलं आहे. 'आजकाल सगळंच खोटं' असं म्हणून मोकळे होणारे आपण त्या लाभांशात नकळत भरच घालतो.

मग करायचं काय? व्हिडिओ एआयचा आहे का, यावर डोळे शिणवू नका. तो मूळ कुठला, त्याच्या आधी-नंतर काय होतं आणि ज्याच्याबद्दल आहे तो स्वतः काय म्हणतो, हे शोधा. तो व्हिडिओ खोटा असल्याचं सचिननं जानेवारी २०२४ मध्येच स्वतःच्या एक्स खात्यावर सांगितलं होतं. स्क्रीनशॉट गूगल लेन्सवर टाकला की बऱ्याचदा मूळ जुना फोटो सापडतो. व्हॉट्सॲपवर दोन बाणांची खूण दिसली, तर तो मजकूर निदान पाच हातांतून फिरून आलाय. पाठवणाऱ्याला त्याचं मूळ ठाऊक असण्याची शक्यता कमीच.

आणि हो, मेहुण्यांना ग्रुपवर चारचौघांत खोडून काढू नका. माणूस मग व्हिडिओ सोडून आपली बाजू राखत बसतो. फोन करा आणि एवढंच विचारा, "हे तुमच्याकडे कुठून आलं हो?" उत्तर द्यायला त्यांना आपल्याच फोनमध्ये मागे जाऊन बघावं लागेल.