संत्र्याची ॲलर्जी आणि रक्ताचा रिपोर्ट

आम्ही वरूडकडचे. आंबिया बहाराचं संत्रं तोडणीला आलं की घरात दुसरा विषय नसतो. अशा घरातल्या सात वर्षांच्या पोरीला संत्र्याच्या दोन फोडी खाल्ल्या की ओठ खाजतात, मानेवर पित्त उठतं, हे सगळ्यांनाच जड गेलं. 'रक्त तपासून घ्या' असं जो तो सांगत होता. त्या तपासणीतून काय कळतं आणि काय कळत नाही, हे मात्र आम्हाला हळूहळू उमगलं. ज्यांच्या घरी हाच प्रश्न आहे त्यांच्यासाठी लिहिते आहे.

१. सुईच्या आधी वही.

काय खाल्लं, किती खाल्लं, त्रास किती वेळानं सुरू झाला, त्या दिवशी सर्दी-ताप होता का, खाऊन लगेच खेळायला पळाली का, हे सगळं लिहून ठेवा. पित्त उठलं की मोबाइलवर फोटो काढा; दवाखान्यात पोहोचेपर्यंत अंग पुन्हा स्वच्छ झालेलं असतं. ज्या ॲलर्जीचा माग रक्तात लागतो ती बहुतेक वेळा काही मिनिटांत, फार तर दोन तासांत दिसते. आमच्या डॉक्टरबाईंनी वही नीट वाचली आणि मगच तपासणीच्या कागदावर मोजक्या खुणा केल्या.

२. प्रत्येक लाल चट्टा रक्तात सापडत नाही.

तान्ह्या बाळाच्या तोंडाभोवती मोसंबीचा रस लागून लाली येते, ती बहुतेकदा नुसत्या आंबटपणाची. लिंबाचा रस हाताला लागला आणि ऊन लागलं तर काळे डाग पडतात, तीही ॲलर्जी नव्हे. माझ्या जाऊबाईंची बोटं संत्री सोलून सोलून भेगाळली होती. सालीच्या तेलातल्या लिमोनीनचा हवेशी संयोग झाला की त्याची त्वचेला ॲलर्जी होऊ शकते, पण ती एक-दोन दिवसांनी उमटते. तिच्यासाठी पाठीवर पट्ट्या चिकटवून पॅच टेस्ट करतात. तिथं रक्त काढून उपयोग नाही.

३. यादीतलं संत्रं कोणतं, ते विचारा.

संत्र्याच्या मुलखातल्या माणसांना ही गोष्ट कोणीतरी आधीच सांगायला हवी. तपासणीच्या यादीत नुसतं 'ऑरेंज' लिहिलेलं असतं ते गोड संत्रं, म्हणजे जालन्याकडच्या आपल्या मोसंबीची जात. आपलं सैल सालीचं नागपुरी संत्रं मँडरिन या वेगळ्या जातीतलं. प्रयोगशाळांत सर्रास वापरल्या जाणाऱ्या एका पद्धतीत पहिल्याचा क्रमांक एफ ३३ आहे, दुसऱ्याचा एफ ३०२. लिंबाचंही तसंच. यादीतलं 'लेमन' म्हणजे जाड सालीचं पिवळं लिंबू. आपण पोह्यांवर पिळतो ते कागदी लिंबू वेगळं. ही फळं एकाच कुळातली, त्यांची प्रथिनंही बरीच मिळतीजुळती, म्हणून एका उत्तरावरून दुसऱ्याचा अंदाज बांधता येतो. पण पोरगी खाते एक आणि तपासलं जातं दुसरं, हे माहीत नसेल तर 'निगेटिव्ह' वाचून आईबाप निर्धास्त होतात. आम्ही मँडरिन मुद्दाम लिहून मागितलं. नमुना बाहेरगावी पाठवावा लागला आणि रिपोर्टला वेळ लागला, पण थांबण्यासारखंच ते होतं.

४. आकडा ॲलर्जीची शक्यता सांगतो, जोर सांगत नाही.

ही तपासणी विशिष्ट आयजीई या प्रतिपिंडाची. हे प्रतिपिंड १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतल्या इशिझाका दांपत्यानं आणि स्वीडनमधल्या योहान्सन-बेनिश जोडीनं स्वतंत्रपणे शोधलं. रिपोर्टमध्ये ०.३५च्या वर आकडा गेला की परंपरेनं 'पॉझिटिव्ह' धरतात. नवी यंत्रं ०.१०पर्यंत मोजतात. पण पॉझिटिव्ह म्हणजे शरीरानं त्या प्रथिनाची दखल घेतली आहे, एवढंच. संत्र्यातलं प्रोफिलिन हे प्रथिन गवताच्या परागातल्या प्रोफिलिनसारखं असतं, म्हणून परागांमुळे शिंकणाऱ्या माणसाचा संत्र्याचा आकडाही वर जातो. वनस्पतींच्या प्रथिनांवरच्या साखरेच्या साखळ्याही कधी कधी आकडा उगाच फुगवतात. आमच्या मुलीच्या रिपोर्टवर गहूही थोडा पॉझिटिव्ह आला. माझा चेहरा पाहून डॉक्टरबाई म्हणाल्या, "ताई, पोळी खाऊन तिला कधी काही झालंय का? मग पोळी बंद करायची नाही."

उलटही खरं आहे. लहान आकड्याच्या माणसाला मोठा त्रास होऊ शकतो. प्रोफिलिन पोटात लगेच पचतं, त्याचा त्रास बहुधा ओठातोंडापुरता राहतो. पण संत्र्यात एलटीपी नावाचं एक चिवट प्रथिनही आहे. ते उष्णतेला आणि जठरातल्या आम्लाला दाद देत नाही आणि साऱ्या अंगावर परिणाम करू शकतं.

५. दोनशे पदार्थांच्या यादीला हात जोडा.

नणंदेच्या मुलाची अशी तपासणी झाली, तीही आयजीजी या दुसऱ्याच प्रतिपिंडाची. दूध, गहू, अंडं, संत्रं, सगळं लाल रंगात आलं. आईनं एकेक पदार्थ बंद केला आणि पोरगं वाळलं. मला आजही त्याचा संताप येतो. आयजीजी असणं ही ते अन्न खाल्ल्याची खूण आहे. युरोपातल्या ॲलर्जीतज्ज्ञांच्या अकादमीनं २००८ सालीच सांगितलं आहे की अन्नाच्या ॲलर्जीचं निदान अन्नाच्या आयजीजी ४ तपासणीवरून करू नये.

६. उपाशीपोटी जायची गरज नाही.

सेटिरिझिनसारखी ॲलर्जीची गोळी चालू असली तरी या रक्ततपासणीला चालते. त्वचेवर टोचून करायच्या चाचणीआधी मात्र ती काही दिवस थांबवावी लागते, तेही डॉक्टर सांगतील तसं.

७. ताजं फळ सोबत न्या.

फळातली काही प्रथिनं इतकी नाजूक असतात की तयार अर्कात ती टिकत नाहीत. आम्ही आमच्याच बागेतलं संत्रं आणि घरचं लिंबू नेलं. डॉक्टरबाईंनी सुई आधी फोडीत टोचली, मग मुलीच्या हाताला. संत्र्याच्या जागी पंधरा मिनिटांत गांध उठली, लिंबाच्या जागी काही नाही. पुढे रुग्णालयात ॲड्रेनालिनचं इंजेक्शन हाताशी ठेवून, थेंबाथेंबानं वाढवत तिला लिंबू देऊन पाहिलं. काही झालं नाही आणि लिंबू सुटलं! तिच्या आजीला झालेला आनंद काय सांगू. मात्र ही परीक्षा घरी कधीही करू नका.

८. जे बंद करायचं नाही, तेही ठरवा.

गोळ्या-सरबतांतलं सायट्रिक ॲसिड कारखान्यात साखरेवर बुरशी वाढवून करतात, त्यात संत्र्याची प्रथिनं नसतात. कढीपत्ता संत्र्याच्याच कुळातला, पण मुलगी तो लहानपणापासून खाते, म्हणून चालू ठेवला. क जीवनसत्त्वाला आवळा आणि पेरू आहेतच. संत्रा बर्फी मात्र नाही, तीत गर असतो.

९. आणीबाणीचा कागद रिपोर्टपेक्षा महत्त्वाचा.

आवाज बसला, श्वास घ्यायला त्रास झाला, लागोपाठ उलट्या झाल्या किंवा पोर गळून गेलं, तर सेटिरिझिनवर भिस्त ठेवायची नाही. मांडीत ॲड्रेनालिन आणि तडक रुग्णालय. डॉक्टरबाईंनी मुलीच्या वजनाप्रमाणे मात्रा लिहून दिली आहे. त्या कागदाची एक प्रत शाळेत बाईंकडे आहे आणि एक बागेतल्या खोलीत, सासऱ्यांच्या हाताला येईल अशी टांगलेली.