हुमायूनच्या कबरीभोंवतालची बाग

मृत माणसाच्या विसाव्यासाठीं बाग लावावी, ही कल्पना प्रथम ऐकतांना नवल वाटतें. परंतु मोंगल बादशहांच्या घराण्यांत ती रीतच होती. दिल्लीच्या निजामुद्दीन वस्तीजवळ असलेली हुमायून बादशहाची कबर व तिच्या सभोंवारची बाग हा या रीतीचा भारतांतील पहिला भव्य नमुना होय. मध्यंतरीं ही बाग जवळजवळ नाहींशी झाली होती. ती पुन्हां कशी उभी राहिली, हें आम्हीं आमच्या दिल्लीच्या सहलींत पाहिलें. त्यांतून जें शिकावयास मिळालें, तें येथें सादर करीत आहों.

निजामुद्दीन ही दिल्लीची फार जुनी वस्ती. सूफी संत हजरत निजामुद्दीन औलिया इ. स. १३२५ मध्यें निवर्तले. त्यांच्या दर्ग्याभोंवतीं घरें, मशिदी व कबरी यांची दाटी होत गेली. अरुंद बोळ, गुलाबाच्या पाकळ्यांनीं भरलेल्या टोपल्या, अत्तराचा वास आणि यात्रेकरूंची गर्दी यांतून वाट काढीत आम्ही मोठ्या रस्त्यावर आलों, आणि तो ओलांडून पश्चिमेच्या दरवाज्यानें बागेंत शिरलों. गलबला मागें राहिला व पांखरांचा आवाज ऐकूं येऊं लागला.

हुमायून १५५६ सालीं आपल्या ग्रंथालयाच्या जिन्यावरून पडून मरण पावला. त्याची पत्नी बेगा बेगम, जिला हाजी बेगम असेंही म्हणतात, हिनें १५६५ च्या सुमारास या कामास आरंभ करविला. मिरक मिर्झा घियास हा इराणी स्थपति त्यासाठीं नेमिला होता. बागेची रचना ‘चारबागे’ची आहे. एकमेकींस छेदणाऱ्या वाटांनीं चौरस जागेचे चार भाग पाडिले आहेत, आणि त्यांचे पुन्हां लहान चौक करून एकंदर ३६ चौक होतात. मध्यभागीं उंच चौथऱ्यावर लाल दगडाची व संगमरवरी घुमटाची इमारत आहे, आणि वाटांच्या मधोमध दगडी पाट वाहतात. कुराणांत स्वर्ग हा बागेच्या रूपानें वर्णिला असून त्यांत पाणी, दूध, मद्य व मध यांच्या नद्या सांगितल्या आहेत. चारबागेच्या पाटांचा संबंध जाणते लोक त्या नद्यांशीं जोडतात.

हे पाट आम्हांस प्रथम अगदीं सपाट वाटले. परंतु सपाट पाटांत पाणी सांचून राहतें, आणि फार उतरत्या पाटांतून तें एकदम धांवून जातें. म्हणून येथें दर ४० मीटरांस अवघा १ सेंटिमीटर उतार ठेविला आहे. विद्यार्थ्यांनीं हें गणित करून पाहावें. २०० मीटर लांबीच्या पाटाचें एक टोक दुसऱ्यापेक्षां केवळ ५ सेंटिमीटर, म्हणजे सुमारें तीन बोटें, खालीं येतें. एखादा दगड दीड सेंटिमीटर उंच बसला, तर ६० मीटरांचा उतार फुकट जातो. गवंडी ज्यास पाणसळ म्हणतो, ती साधण्याची अशी कसोटी क्वचितच लागत असेल.

मोंगल सत्ता खालावली तशी बागेची निगा राहीना. अठराव्या शतकांत तेथें भाजीपाला पिकूं लागला. १८५७ च्या सप्टेंबरांत शेवटचा बादशहा बहादूरशहा जफर येथें आश्रयास आला व येथेंच इंग्रजांच्या हातीं सांपडला. पुढें इंग्रजांनीं वाटोळे ताटवे करून बागेस विलायती रूप दिलें. विसाव्या शतकाच्या आरंभीं जुनी रचना परत आणण्याचा एक प्रयत्नही झाला. मग १९४७ ची फाळणी आली, आणि पाकिस्तानांत जाण्यासाठीं निघालेल्या मुसलमान निराश्रितांची छावणी या बागेंत व जुन्या किल्ल्यांत पडली. त्या काळांत पाटांची व झाडांची फार हानि झाली. त्याबद्दल त्या लोकांस कोणीं दोष देऊं नये, असें आम्हांस वाटतें. ज्यांचें घर गेलें, त्यांस अंग टेकण्यापुरती जागा मिळाली, यांत बागेस कमीपणा नाहीं. आज त्या छावणीच्या खुणा दिसत नाहींत. म्हणूनच बागेची हकीकत सांगतांना ती गोष्ट वगळूं नये.

१९९७ सालीं, स्वातंत्र्यास पन्नास वर्षें झाल्याच्या निमित्तानें, आगाखान सांस्कृतिक न्यासानें ही बाग पूर्ववत् करून देण्याचें अंगावर घेतलें, आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याच्या सहकार्यानें २००३ मध्यें काम पुरें झालें. सांचलेली माती उपसून जमीन मूळ पातळीवर आणिली. सुमारें ३ किलोमीटर लांबीचे पाट हातानें घडविलेल्या दगडांनीं पुन्हां बसविले. जुन्या विहिरींतील गाळ काढिला. पावसाचें पाणी मुरावें म्हणून १२८ खड्डे खणिले. आणि आंबा, लिंबू, कडुनिंब, जास्वंद, चमेली अशीं सुमारें २,५०० झाडेंझुडपें लाविलीं. यांपैकीं पुष्कळसें काम मातीखालीं झांकलेलें आहे. प्रवासी घुमटाचें छायाचित्र घेऊन जातो. खालचा उतार कोणी पाहत नाहीं, पण तो नसता तर पाणी पुढें सरकलें नसतें.

इमारत एकदां पुरी झाली म्हणजे कांहीं काळ आपल्या बळावर उभी राहते. बागेचें तसें नाहीं. आम्ही गेलों त्या सकाळीं एक माळी पाटांत वांकून पानें वेंचीत होता. तें काम तो रोज करितो व रोज पानें पडतात. ही निगा थांबली, तर ४० मीटरांस १ सेंटिमीटर उतार गाळानें भरून जाण्यास फार वर्षें लागणार नाहींत, हें बागेच्या पूर्वेतिहासावरून उघड आहे.

आमच्या वाचकांपैकीं अनेकांच्या घरीं शेती आहे. रात्रीं पाटाचें दारें धरणाऱ्या वडिलांस पाणी कोणत्या वाफ्यास चढत नाहीं हें पायांनींच समजतें. त्यांस या बागेचें मर्म सांगावें लागणार नाहीं. ज्यांस दिल्लीस जाणें शक्य नाहीं, त्यांनीं छत्रपति संभाजीनगर येथील बीबी का मकबरा पाहावा. औरंगजेबाची पत्नी दिलरस बानू बेगम हिची ती कबरही चारबागेंतच आहे. दोहोंपैकीं कोठेंही गेल्यास घुमटाकडे वळण्यापूर्वीं क्षणभर पाटाजवळ उभें राहावें, आणि पाण्याच्या वाटेसाठीं किती हात राबले असतील याचा विचार करावा.